४२७, ५३५ की ६००? आयडीडीपी-२ च्या तळाचं तापमान आणि ते मोजायची साधनं

गारगोटी

नमस्कार. मी पुण्यात एम.एस्सी. भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारला 'अतितप्त भूऔष्णिक साठ्यांचा अभ्यास : साधने व पद्धती' असा विषय घेतलाय आणि मुख्य उदाहरण म्हणून आइसलँडमधली रेक्यानेसची आयडीडीपी-२ (आइसलँड डीप ड्रिलिंग प्रोजेक्टची दुसरी) ही विहीर ठेवली आहे. आधीची अडीच किलोमीटरची विहीर ऑगस्ट २०१६ पासून खोल करत नेली आणि जानेवारी २०१७ मध्ये ४,६५९ मीटरवर थांबले, इथपर्यंत सगळे लेख एकमेकांशी जुळतात.

तापमानापाशी आले की जुळत नाहीत. एकात तळाचं तापमान ४२७ अंश सेल्सियस, दुसऱ्यात ५३५ च्या आसपास, तिसऱ्यात थेट ६००. तिन्ही लेख प्रकल्पाशी संबंधित माणसांचेच आहेत, त्यामुळे कुणाला बाजूला ठेवावं तेही कळत नाही. मी स्लाइडवर कोणता आकडा लिहू?

दुसरा प्रश्न. आमच्या प्रयोगशाळेतल्या भट्टीत के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचं तापमापक) ९०० अंशसुद्धा सहज दाखवतं. मग सव्वाचारशे अंशांच्या विहिरीत तेच तारेला बांधून सोडायला नेमकी अडचण कुठे येते? मार्गदर्शकांनी साधनांचा तक्ता करायला सांगितलाय : साधनाचं नाव, कमाल तापमान, अचूकता. त्यात काय काय धरायचं तेही कुणी सांगितलं तर फार मदत होईल.

उष्मागतिकी

विहिरीवर काम केलेली मंडळी इथे आहेत, आकड्यांचं ती सांगतील. मी फक्त 'अतितप्त' कुठून सुरू होतं तेवढं लिहितो, कारण सेमिनारला पहिला प्रश्न त्यावरच येणार.

शुद्ध पाण्याचा क्रांतिक बिंदू ३७४ अंश आणि २२१ बार. त्याच्या पलीकडे पाणी आणि वाफ अशा दोन अवस्था वेगळ्या राहत नाहीत. पण रेक्यानेस हे समुद्रात घुसलेलं टोक आहे आणि तिथल्या खडकात मुरलेलं पाणी मुळात समुद्राचं आहे. मीठ आलं की हा बिंदू वर सरकतो : समुद्राच्या पाण्यासाठी साधारण ४०६ अंश आणि २९८ बार. आयडीडीपी-२ मध्ये ४२७ अंशांबरोबर ३४० बार दाबही मोजला गेला. म्हणजे खारं पाणी धरूनही दोन्ही मर्यादा ओलांडल्या गेल्या. स्लाइडवर तापमान लिहाल तिथे शेजारी दाब लिहाच, नाहीतर 'अतिक्रांतिक' या शब्दाला आधार उरत नाही.

एवढा आटापिटा कशासाठी, हेही कुणीतरी विचारेल. प्रकल्प आखताना मांडलेलं गणित असं होतं : २३५ अंशांची कोरडी वाफ सेकंदाला ०.६७ घनमीटर देणारी नेहमीची विहीर साधारण ५ मेगावॅट वीज देते. घनफळाने तेवढाच प्रवाह ४३० ते ५५० अंश आणि २३० ते २६० बारवर मिळाला तर ५० मेगावॅट.

पाण्याच्या रसायनावरून तापमान काढायची जी सूत्रं तुम्ही शिकलात त्यांतलं सिलिकाचं सूत्र इथे वापरू नका. क्वार्ट्झची विद्राव्यता तापमानाबरोबर वाढत जाते खरी, पण दाब फार नसेल तर साडेतीनशेच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी ती उलट घटू लागते. एकाच सिलिकेला दोन तापमानं मिळतात आणि त्यातलं खरं कोणतं ते पाणी सांगत नाही.

वायरलाइन_मिरजकर

गारगोटी, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. बहुतेक जण ४२७ हा आकडा उचलतात आणि पुढे जातात. तीन आकडे शेजारी ठेवून थांबणारं माणूस क्वचित भेटतं.

मी तेल-वायूच्या विहिरींत लॉगिंग केलं, म्हणजे साधनं सोडून खोलीनुसार मापं नोंदली, नंतर भूऔष्णिक विहिरींकडे वळलो. तापमान-दाबाची टूल जुळवणं, कॅलिब्रेट करणं, विहिरीत सोडणं आणि वर आल्यावर उघडून बघणं, हे माझं काम. आयडीडीपी-२ वर मी नव्हतो. पण त्या जातीच्या टूलशी रोजचा संबंध आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी थर्मोकपल. ४२७ अंशांचं त्याला काहीच वाटत नाही, तुमचं बरोबर आहे. प्लॅटिनमच्या रोधक सेन्सरलाही काही वाटत नाही. अडचण सेन्सरच्या वर सुरू होते. भट्टीत तुमची तार दीड मीटर असेल, इथे साडेचार किलोमीटर. थर्मोकपलचा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये, आणि केबलच्या आतलं प्लास्टिक-टेफ्लॉनचं इन्सुलेशन तीनशेच्या आतच दम तोडतं. इन्सुलेशन गेलं की दोन तारांच्या मध्ये गळती, आणि वर दिसणारा आकडा कुणाचा ते देव जाणे. त्यात टूलच्या डोक्याशी केबल जिथे जोडली जाते तिथलं सील. रबराच्या ओ-रिंगांतली चांगल्यातली चांगली जातसुद्धा सव्वातीनशेच्या आसपास हात टेकते. त्यापुढे धातूचं सील, धातूवर धातू दाबून. बाहेर ३४० बार दाब असताना एक केसाएवढी फट पुरते. शिवाय पाण्यात क्लोराइड, हायड्रोजन सल्फाइड. पोलादी तार वर येते तेव्हा दिसायला शाबूत असते आणि वाकवली की तुटते.

म्हणून केबलचा नाद सोडून टूलमध्येच नोंद ठेवतात. यालाच मेमरी टूल म्हणतात. एका साध्या, आत वायर नसलेल्या तारेवर, म्हणजे स्लिकलाइनवर, ते खाली जातं. टूलला खोली कळत नाही, त्याला फक्त वेळ कळते. दर काही सेकंदांनी 'इतक्या वाजता इतकं तापमान, इतका दाब' असं ते लिहून ठेवतं. वर विंचवरचा काउंटर 'इतक्या वाजता इतकी खोली' लिहितो. टूल वर आलं की दोन्ही नोंदी घड्याळावरून जुळवायच्या. सुरुवातीला दोन घड्याळं सेकंदाला सेकंद मिळवणं हे आमच्याकडे पूजेसारखं करतात. घड्याळ एक मिनिट पुढे-मागे असेल तर मिनिटाला तीस मीटरच्या वेगाने सोडलेल्या टूलचा अख्खा लॉग तीस मीटर सरकतो.

आता मेमरी टूलमध्ये चिप आली, बॅटरी आली. साधी सिलिकॉनची चिप सव्वाशे-दीडशे अंशांना मान टाकते. खास जातीची, इन्सुलेटरवर बसवलेली सिलिकॉन चिप सव्वादोनशेच्या पुढे जाते. सिलिकॉन कार्बाइडकडून त्याहून पुष्कळ आशा आहे, पण बाजारात मागाल ते सगळे भाग त्यात मिळत नाहीत. बॅटरीचं तर रसायनच आडवं येतं. लिथियम हा धातू १८०.५ अंशांना वितळतो. वितळला की सेल फुटू शकतो, आणि बंद पोलादी नळीत फुटलेला लिथियम सेल म्हणजे उघडणाऱ्याच्या जिवाशी गाठ. गरम विहिरीतून आलेलं टूल मी पूर्ण गार होईपर्यंत कुणाला हात लावू देत नाही.

तेव्हा चिप आणि बॅटरी निर्वात फ्लास्कमध्ये ठेवतात. चहाच्या थर्मासचंच तत्त्व, फक्त भिंती दाब सोसणाऱ्या मिश्रधातूच्या आणि आत कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूचा एक गोळा. आत झिरपणारी उष्णता तो गोळा वितळता वितळता पिऊन घेतो. गोळा पूर्ण वितळला की आतलं तापमान चढायला लागतं. या टूलमध्ये दोन तापमानं नोंदली जातात, एक बाहेरचं आणि एक फ्लास्कच्या आतलं. लोक पहिलं छापतात. मी वर आल्यावर आधी दुसरं बघतो. ते दीडशेच्या खाली राहिलं असेल तरच बाहेरच्या आकड्यावर माझा विश्वास बसतो, कारण आतली चिप तापली की तिचंच माप सरकतं.

म्हणून तुमच्या तक्त्याबद्दल माझं ठाम मत : 'कमाल तापमान' या रकान्यासोबत 'किती तास' हा रकाना हवाच. फ्लास्कचं टूल ४०० अंशांचं आहे या वाक्याला एकटं काही वजन नाही. ४०० अंशांत चार तास की दहा तास? उतरायला-चढायला किती लागले? तळाशी थांबायला किती उरले? सेन्सरला भोवतालच्या पाण्याएवढं तापायलाही काही मिनिटं थांबावं लागतं. या क्षेत्रातली सगळी साधनं शेवटी वेळेशी भांडत असतात, आणि तीन आकड्यांचं कोडंही वेळेनेच सुटतं.

ते असं. विहीर खोदताना महिनोन्महिने गार पाणी आत ढकलतात. बिट (खोदणारं टोक), ड्रिल पाइप आणि केसिंग (विहिरीला आतून बसवलेली पोलादी नळी) वाचवायचं तर दुसरा उपाय नसतो. आयडीडीपी-२ मध्ये तर ३.२ किलोमीटरच्या खाली पाणी वर परत येणंच थांबलं, सगळं खडकाच्या भेगांत जात राहिलं. सिमेंट घालून भेगा बुजवायचे प्रयत्न झाले, त्या बुजल्या नाहीत, आणि तसंच खोदत राहिले. अशा विहिरीत टूल सोडलं की ते खडकाचं तापमान मोजत नाही, खडकाच्या कुशीत शिरलेल्या गार पाण्याचं मोजतं. ३ जानेवारी २०१७ ला लॉग घेतला तेव्हा विहीर फक्त सहा दिवस तापायला सोडली होती. ४२७ हा त्या सहाव्या दिवशीचा आकडा आहे. तो खरा मोजलेला आहे, त्यात अंदाजाचा भाग नाही, पण तो चढत्या वक्ररेषेवरचा एक बिंदू आहे.

५३५ ही त्या वक्ररेषेची पुढची वाट. किती काळ गार केलं आणि पाणी बंद केल्याला किती काळ झाला, यांच्या बेरजेला पाणी बंद केल्यानंतरच्या काळाने भागून येणारं गुणोत्तर लॉगॅरिदमच्या अक्षावर घ्यायचं, त्यासमोर तापमान मांडायचं आणि रेष अनंत वेळेपर्यंत ओढायची. तेलवाल्यांत याला हॉर्नर पद्धत म्हणतात. रेष जितकी लांब ओढाल तितकी शंका वाढते. इथे एक गोष्ट मदतीला आली : गार पाण्याचा मोठा भाग ३,३६० मीटरच्या आसपासच्या भेगांतच निघून जात होता, तळापर्यंत तुलनेने थोडं पोचत होतं, म्हणून तळ लवकर तापला.

दुसऱ्यांदा, सहा महिन्यांनी, वर्षाने मोजलं असतं तर वाद मिटला असता. पण नंतर २.३ ते २.४ किलोमीटरच्या पट्ट्यात केसिंग खराब झालं आणि टूल तळापर्यंत नेणं शक्य राहिलं नाही. मला या सगळ्या कथेत याची हळहळ सर्वांत जास्त वाटते. पृथ्वीवर इतकी खोल, इतकी गरम, आणि तरी पाणी वाहू देणारी जागा हाताला लागली होती.

६०० बद्दल मी बोलणं बरोबर नाही, तो दगडाचा विषय आहे. इथल्या सदस्य 'पातळछेद' आहेत, त्या सांगतील.

गारगोटी

खूप खूप आभार सर! आणि कृपया मला अहो-जाहो करू नका. 'किती तास' हा रकाना आत्ताच घातला. दोन शंका : १) विजेचा भाग अजिबात नसलेलं, नुसतं यांत्रिक साधन नसतं का? २) फायबर ऑप्टिकबद्दल वाचलं, ते तर विहिरीत कायमचं ठेवता येतं म्हणतात. मग फ्लास्कची गरजच काय?

वायरलाइन_मिरजकर

बरं, तू म्हणतो.

यांत्रिक साधन आहे, आणि मला ते फार प्रिय आहे. कुस्टर गेज. आत चावीचं घड्याळ, द्विधातूची पट्टी आणि एक सुई. पट्टी तापून वळते, सुई धातूच्या पातळ पत्र्यावर ओरखडा काढते, घड्याळ पत्रा पुढे सरकवतं. वर आल्यावर तो ओरखडा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. न्यूझीलंड, आइसलँड, फिलिपिन्स, केनिया, जिथे जिथे जुन्या विहिरी आहेत तिथलं जुनं तापमान याच पत्र्यांवरून आलेलं आहे. अचूकता आजच्या टूलएवढी नाही, पण त्यात मरायला चिप नाही आणि फुटायला बॅटरी नाही.

त्याहून साधं बघायचं तर जपानमध्ये काक्कोंदाला बघ. १९९४-९५ मध्ये तिथे डब्ल्यूडी-१ए ही ३,७२९ मीटरची विहीर खोदली. तळाशी कुठलंही नेहमीचं टूल टिकण्यासारखं नव्हतं. मग ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थांच्या गोळ्या खाली सोडल्या, प्रत्येकीचा वितळणबिंदू वेगळा. वर काढून कोणती वितळली आणि कोणती शाबूत राहिली ते बघायचं. तळ ५०० अंशांच्या पुढे निघाला. उत्तर एका अंशात मिळत नाही, दोन गोळ्यांच्या मधला पट्टा मिळतो, पण तो पट्टा निखालस असतो. त्या विहिरीचा दुसरा फायदा असा की साधारण ३.१ किलोमीटरखाली खडकात पाणी खेळतच नव्हतं. उष्णता नुसती वहनाने येत होती, त्यामुळे 'पुढे किती तापेल' हे गणित तिथे आयडीडीपी-२ पेक्षा स्वच्छ बसतं.

फायबरचं म्हणशील तर कल्पना सुंदर आहे. काचेच्या धाग्यात लेझरचा झटका सोडायचा, परत येणाऱ्या प्रकाशातल्या दोन रामन घटकांचं गुणोत्तर तापमानावर अवलंबून असतं, आणि किती वेळाने परत आला त्यावरून खोली. एका धाग्यात मीटरमीटरचं तापमान, तेही सतत. सर सी. व्ही. रामन यांचा परिणाम विहिरीत साडेतीन-चार किलोमीटर खाली राबतोय हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

पण काचेवरचं आवरण आड येतं. पॉलिइमाइडचं आवरण तीनशेच्या आसपासपर्यंत, त्यापुढे सोन्याचं. आणि हायड्रोजन. गरम विहिरीत हायड्रोजन असतोच, तो पोलादी नळीतून झिरपून काचेत शिरतो आणि काच काळवंडते. प्रकाश कमी झाला की गुणोत्तर बिघडतं, आणि बिघडलेलं गुणोत्तरही आकडा देतच राहतं. अधूनमधून दुसऱ्या साधनाने पडताळा घेतला नाही तर आकडे हळूहळू सरकत गेल्याचं कळतही नाही. युरोपीय संघाच्या पैशावर 'हायटी' नावाचा प्रकल्प झाला होता, २००७ पासून काही वर्षं, आइसलँडमधल्याच क्राफ्लाची पहिली खोल विहीर (आयडीडीपी-१) डोळ्यांसमोर ठेवून. त्यात हे सगळं एकत्र केलं गेलं : ३०० अंशांची वायरलाइन (केबलवरची) टूल, ४०० पर्यंतचं के-१० मेमरी टूल, फायबर, सोडियम-लिथियमसारखे रासायनिक तापमापी. सेमिनारसाठी एकच प्रकल्प नीट वाचायचा असेल तर तो वाच.

आणि दाब. दाबाचे सेन्सर तापमानाच्या सेन्सरपेक्षा कितीतरी नाजूक. एक जुनी युक्ती आजही चालते : केसासारखी बारीक धातूची नळी खाली सोडायची, तिच्यात निष्क्रिय वायू भरायचा आणि दाब वर, जमिनीवर, थंड जागी मोजायचा. नळीतल्या वायूचं वजन वजा करायचं, झालं. गरम भागात धातूच्या नळीशिवाय काही जातच नाही.

पातळछेद

मिरजकरांनी माझं नाव घेतलं म्हणून लिहिते. माझं काम द्रव-समावेशांवर आहे, म्हणजे खनिजाचा स्फटिक वाढताना किंवा त्यातली भेग सांधताना जो सूक्ष्म थेंब आत अडकतो त्याच्यावर. सेमिनारमध्ये या पद्धतीला एक स्लाइड नक्की दे, कारण अतितप्त साठ्यांत टूल जिथे जाऊ शकत नाही तिथे ही पद्धत जाते.

थेंब अडकतो तेव्हा तो एकसंध असतो. गार होताना आकसतो आणि त्यात बुडबुडा तयार होतो. आम्ही दोन्ही बाजूंनी घासून चकचकीत केलेली पातळ चकती घेतो, ॲसिटोनमध्ये ठेवून तिचा गोंद पूर्ण काढतो, आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या छोट्या तापपटलावर ठेवून तापवत नेतो. ज्या तापमानाला बुडबुडा नाहीसा होतो ते अडकण्याचं किमान तापमान. त्यात दाबाची दुरुस्ती घालावी लागते, आणि ३४० बारसारख्या दाबाला ती दुरुस्ती दुर्लक्ष करण्याएवढी नसते. मग तीच चकती गोठवायची. बर्फ किती अंशांना वितळला त्यावरून खारटपणा कळतो.

आयडीडीपी-२ मध्ये पाणी परत येत नसल्याने खडकाचा चुराही वर येत नव्हता. खाली काय आहे ते सांगायला फक्त कोअर, म्हणजे कापून वर काढलेले खडकाचे दंडगोल होते, सगळे मिळून २७ मीटरच्या आसपास. साडेचार किलोमीटरची विहीर आणि हातात एवढाच दगड! त्या कोअरमधल्या थेंबांवरून ६०० अंशांच्या आसपासचे द्रव तिथे होते असा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. खनिजांचं एकत्र असणंही त्याच बाजूने बोलतं. हॉर्नब्लेंड, पायरोक्सीन असली मंडळी थंड पाण्यात नव्याने वाढत नाहीत.

म्हणून गारगोटी, तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत. ४२७ हे विहिरीतल्या पाण्याचं, ठरावीक दिवशी मोजलेलं. ५३५ हे आजच्या खडकाचं, गणिताने काढलेलं. ६०० हे थेंब अडकला त्या वेळच्या द्रवाचं. थेंब कधी अडकला याची तारीख थेंबावर नसते. तो गेल्या वर्षीचाही असू शकतो आणि खडक जास्त तापलेला असतानाच्या जुन्या काळातलाही. स्लाइडवर तिन्ही लिही आणि प्रत्येकाशेजारी कशाचं, कधीचं ते लिही. एकच निवडायचा आग्रह कुणी धरला तर ४२७ निवड, कारण तो मोजलेला आहे, पण 'किमान' हा शब्द पुढे लावून.

आणि एक पद्धत जी मला मनापासून आवडते : कृत्रिम समावेश. प्रयोगशाळेत तापवून मुद्दाम तडे पाडलेला क्वार्ट्झ, पाणी आणि थोडी सिलिका धातूच्या कुपीत बंद करून विहिरीत सोडायचा. काही दिवसांत तडे सांधतात आणि तिथलं पाणी, तिथल्या तापमानाला, आत अडकतं. कुपी वर काढून थेंब मोजायचे. हे काक्कोंदाच्याच विहिरीत करून बघितलं गेलं आहे. या थेंबांची तारीख आपल्याला माहीत असते, कुपी आपणच सोडलेली असते. शिवाय मिरजकरांच्या 'किती तास' रकान्यात इथे उलटी अट लिहावी लागेल : किमान इतके दिवस ठेवलीच पाहिजे, नाहीतर तडा सांधत नाही.

गारगोटी

ताई, आता तिन्ही आकडे नीट वेगळे दिसले. शेवटचं एक : खोदण्याआधी वरून काही कळतं का? मॅग्नेटोटेल्युरिक आणि भूकंपीय पद्धती किती भरवशाच्या?

वायरलाइन_मिरजकर

उपयोगी आहेत, पण क्राफ्लाची गोष्ट ऐक आणि मग किती भर द्यायचा ते ठरव.

मॅग्नेटोटेल्युरिकमध्ये जमिनीची विद्युतवाहकता मोजतात. उथळ भागात स्मेक्टाइटसारख्या चिकणमातीची टोपी असते, ती वीज चांगली वाहते. दोनशे-सव्वादोनशेच्या पुढे त्या मातीची जागा क्लोराइटसारखी खनिजं घेतात आणि रोध वाढतो. म्हणजे टोपी कुठे संपते त्यावरून तापमानाची एक समरेषा मिळते, खडकात आज तेवढं तापमान टिकून असेल तर. फार खोल पुन्हा वाहक पट्टा दिसला तर मॅग्मा किंवा खारा द्रव. आणि सूक्ष्म भूकंप : खडक साधारण चारशेच्या आसपास ठिसूळपणा सोडून लवचिक व्हायला लागतो, त्यामुळे भूकंपांचे बिंदू ज्या खोलीला संपतात तिथे काहीतरी तापमानाची सीमा आहे असं धरतात. नेमकं किती अंशांना, ते खडकाच्या जातीवर ठरतं.

या सगळ्याचा आधार घेऊन २००९ मध्ये क्राफ्लाला आयडीडीपी-१ खोदायला घेतली, साडेचार किलोमीटरच्या हिशोबाने. २,१०० मीटरवर बिट अडकलं आणि चुऱ्यात ताजी काच यायला लागली. रायोलाइटचा मॅग्मा, साधारण ९०० अंशांचा. निम्म्या वाटेवर. वरून केलेल्या मापनांत इतक्या उथळ जागी तो कुणाला दिसला नव्हता, कारण तेवढी लहान वस्तू त्या खोलीवर या पद्धतींना धूसर होते. ही त्या शास्त्रज्ञांची हयगय नव्हे, पद्धतीची मर्यादा आहे. हवाईच्या पुना आणि केनियाच्या मेनेंगाईमध्येही विहिरी अशाच मॅग्मात शिरल्या आहेत.

त्या विहिरीचं पुढे सोनं झालं म्हणायला हवं. तोंडाशीच ४५० अंशांची वाफ, १४० बारपर्यंत दाब. तापमान मोजायला खाली उतरायची गरजच उरली नाही. मात्र वाफेत हायड्रोजन क्लोराइड. वाफ कोरडी आहे तोवर निरुपद्रवी, पहिला थेंब जमला की आम्ल. आणि विरघळलेली सिलिका दाब उतरला की बारीक पिठासारखी बाहेर पडायची. त्या वाफेचे नमुने घेणं, ती अल्कधर्मी पाण्याने धुऊन बघणं, कोणता मिश्रधातू किती झिजतो याचे तुकडे लावून ठेवणं, हे दोन वर्षं चाललं. २०१२ मध्ये व्हॉल्व्ह बिघडले, विहीर गार पाण्याने बंद करावी लागली, आणि गार होताना केसिंग गेलं. तापलेलं पोलाद लांबायला बघतं, सिमेंट त्याला धरून ठेवतं. पुन्हा गार केलं की ते आखडतं आणि सांध्यात तुटतं. म्हणून आता तिथेच मॅग्मापर्यंत जाणारी कायमची प्रयोगविहीर करायचा जो बेत आहे, त्यात थोडं सरकू देणाऱ्या केसिंग-सांध्यांवर एवढा भर आहे. केसिंग टिकलं तर साधनं उतरतील.

इटलीत लार्देरेल्लोचंही बघून ठेव. तिथे भूकंपीय परावर्तनात 'के-होरायझन' नावाचा ठळक थर दिसतो. तो गाठायला वेनेल्ले-२ ही जुनी विहीर २०१७ मध्ये २.९ किलोमीटरपर्यंत नेली. तळ ५०० अंशांच्या पुढे. त्यासाठी नॉर्वेतल्या संशोधकांनी ४५० अंशांसाठी खास फ्लास्कचं टूल बनवलं होतं. आकडे बघ : ज्या तापमानासाठी टूल बनवलं, त्याच्या वरच तळ निघाला.

उन्हाळे_राजापूर

चर्चा वाचतोय, फार शिकायला मिळालं. आमच्याकडे राजापूरला, तुरळला, उन्हवऱ्याला गरम पाण्याचे झरे आहेत. यातलं काही इथे लागू होतं का?

वायरलाइन_मिरजकर

अतितप्ताची साधनं नाही. कोकणातले झरे पृष्ठभागावर ३४ ते ७० अंशांच्या पट्ट्यात आहेत, आणि पाण्याच्या रसायनावरून खालच्या साठ्याचे जे अंदाज आलेत ते अतिक्रांतिक तापमानाच्या जवळपासही जात नाहीत. तिथे खाली मॅग्मा नाही, पाणी खोल भेगांत उतरून तापतं आणि वर येतं. लडाखमधल्या पुगाचं पाणी ८४ अंशांना उकळतं, तेही साडेचार हजार मीटरच्या जवळपास उंची आहे म्हणून. तिथेसुद्धा नेहमीची टूल पुरतात. खोल विहिरीतलं लॉगिंग जवळून बघायचं तर कोयनेचा भाग आहे. गोठण्याला भूकंपांच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल पायलट बोअरहोल झालं, आणि त्याचं काम बघणारी प्रयोगशाळा कराडला आहे. तिथला प्रश्न वेगळा, पण लॉगची भाषा हीच.

पातळछेद

मी एवढंच जोडेन की रासायनिक तापमापी कोकणात मात्र छान चालतात, कारण तापमान त्यांच्या आवाक्यातलं आहे. गारगोटी, पुण्याहून एका दिवसात तुरळ-राजवाडी होतं. नमुना घ्यायला जाशील तर तीन बाटल्या ने. एक ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून तशीच, क्लोराइड-सल्फेटसाठी. दुसरी गाळून शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब घालून, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, लिथियमसाठी. तिसरीत झऱ्यावरच एकास नऊ ऊर्ध्वपातित पाणी घालून पातळ कर, नाहीतर गार होताना सिलिका गोळा होते आणि कमी भरते. तापमान, पीएच आणि वाहकता जागेवरच घे. समुद्राचं पाणी किती मिसळलंय ते क्लोराइड-ब्रोमाइडवरून तपासल्याशिवाय सोडियम-पोटॅशियमचं सूत्र लावू नकोस. विश्लेषण आलं की इथेच टाक, आपण मिळून बघू.